फारोचं मन कुणी कठीण केलं?

आजचे वाचन: निर्गम ९:१–३५, रोमकरांस पत्र ९:१४–२४



निर्गम वाचत वाचत आज आपण नवव्या अध्यायाशी आलो. गुरांची मरी, अंगावर उठलेली गळवं, मग गारा. गोष्ट रविवारच्या शाळेपासून पाठ आहे, त्यामुळे आपण ती भराभर वाचून टाकतो. पण बाराव्या वचनाशी थोडं थांबा. तिथे म्हटलंय की परमेश्वराने फारोचं मन कठीण केलं, म्हणून त्याने ऐकलं नाही. आणि तरी पुढच्याच पीडेत फारोला शिक्षा होते. आता कुणीही विचारेल, मन देवानेच कठीण केलं तर मग दोष फारोचा कसा?

हा प्रश्न मला आमच्या युवकांच्या बायबल स्टडीत एका मुलीने विचारला. तिचं नाव सांगत नाही. तिचा धाकटा भाऊ मागच्या पावसाळ्यात गेला. रात्री दुचाकीवरून घरी येत होता, समोरून दारू प्यालेल्या माणसाची गाडी आली. दफनाच्या दिवशी चार जणांनी चार वेळा तिला सांगितलं, "देवाची इच्छा, बाळा. त्याने त्याला बोलावून घेतलं." ती मला म्हणाली, "ताई, मग तो ड्रायव्हर कोण होता? देवाचा निरोप्या? त्याच्यावर केस तरी कशाला चालवायची?"

आजचं मनन तिच्या प्रश्नावर आहे. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी वचन नीट बघू. चौथ्या अध्यायापासून चौदाव्यापर्यंत फारोच्या मनाच्या कठीणपणाचा उल्लेख साधारण वीस वेळा येतो. साधारण निम्म्या ठिकाणी कर्ता देव आहे. उरलेल्या ठिकाणी एकतर फारोने स्वतः मन कठीण केलं असं लिहिलंय, किंवा नुसतंच त्याचं मन कठीण झालं असं. पेन्सिल घेऊन खुणा करत वाचा, मी तसंच केलं. एक क्रम दिसतो. मोशे मिसरात पोहोचायच्या आधीच देव त्याला सांगून ठेवतो की मी फारोचं मन कठीण करीन. पण प्रत्यक्ष पीडा सुरू झाल्यावर पहिल्या पाच पीडांत कठीण करणारा म्हणून देवाचं नाव येत नाही. बेडकांनंतर जरा मोकळा श्वास मिळाला तेव्हा फारोने आपलं मन कठीण केलं. उवांच्या वेळी त्याच्याच जादूगारांनी सांगितलं की यात देवाचा हात आहे, तरी ऐकलं नाही. गोमाशा गेल्यावर पुन्हा तेच. गळवांच्या वेळी, म्हणजे सहाव्या पीडेत, आजच्या बाराव्या वचनात, पहिल्यांदा लिहिलंय की परमेश्वराने त्याचं मन कठीण केलं.

इथे बरेच उपदेशक खूश होतात. झालं! आधी फारोने स्वतः केलं, मग देवाने त्यावर शिक्का मारला. उत्तर सोपं आहे आणि त्यात तथ्यही आहे. पण प्रामाणिकपणे आजचाच अध्याय शेवटपर्यंत वाचा. चौतिसाव्या वचनात गारा थांबल्यावर फारो पुन्हा पाप करतो आणि आपलं मन कठीण करतो. म्हणजे शिक्का मारल्यानंतरही कर्ता पुन्हा फारोच! आणि दहाव्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात देव मोशेला त्याच घटनेबद्दल म्हणतो की हे मी केलंय. एकच मन, एकच दिवस, आणि कर्ते दोन. लेखकाला यात काही खटकलेलं दिसत नाही. तो दोन्ही वाक्यं एकमेकांना चिकटून ठेवतो आणि पुढे टोळांकडे वळतो.

मूळ इब्री शब्दही बघण्यासारखे आहेत. आपण सगळीकडे "कठीण" म्हणतो, पण तिथे तीन वेगवेगळी क्रियापदं आहेत. एकाचा अर्थ जड होणं, एकाचा कडक होणं, आणि सर्वात जास्त वेळा येणारं "हाझाक", म्हणजे बळकट होणं, घट्ट होणं. यहोशवाच्या पहिल्या अध्यायात देव यहोशवाला खंबीर हो म्हणतो, तिथे हाच शब्द आहे. मराठीत हे फार छान कळतं. आपण म्हणतो ना, "मन घट्ट कर." आजारपणात, परीक्षेच्या वेळी, मुलगी सासरी निघाली की. मन घट्ट करणं ही मुळात वाईट गोष्ट नाही. घट्ट कशासाठी करायचं, त्यावर सगळं आहे. गळवांनी अंग भरलेलं असताना कोणताही राजा घाबरून शरण आला असता. पण शरण येणं आणि पश्चात्ताप करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. देवाने त्याचं मन घट्ट केलं म्हणजे त्याच्यात नवीन दुष्टपणा ओतला, असं या शब्दातून निघत नाही. त्याला जे मनापासून हवं होतं, म्हणजे गुलाम हातचे न सोडणं, ते भीतीपोटी न सोडण्याइतकं बळ त्याला मिळालं. निदान मी ते असं वाचते.

गारांच्या वेळी तोच फारो कबूल करतो की मी पाप केलं, परमेश्वर न्यायी आहे. हे त्याच्या तोंडचं आहे. त्याने "माझं मन तुमच्या देवानेच असं केलंय, मी काय करू?" असं म्हटलेलं नाही. आणि कितीतरी वर्षांनी पलिष्ट्यांचे पुजारी, म्हणजे इस्राएलाबाहेरचेच लोक, शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आपल्या माणसांना बजावतात की मिसऱ्यांनी आणि फारोने मन कठीण केलं तसं तुम्ही करू नका. पलिष्ट्यांनाही दोष कुणाचा ते कळलं होतं.

आता जरा इतिहास. रील्समध्ये "काल्व्हिनिस्ट विरुद्ध आर्मिनियन" असं बघून बऱ्याच जणांना वाटतं की हे भांडण अमेरिकेत परवा सुरू झालं. तसं नाही.

तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या ओरिजेनने इच्छास्वातंत्र्यावर लिहिताना नेमका फारोच घेतला. त्याचं उदाहरण घरगुती आहे: सूर्य एकच, पण त्या उन्हाने मेण वितळतं आणि चिखल वाळून कडक होतो. दोष उन्हाचा की चिखलाचा? मोशेसमोर झालेले चमत्कार तेच होते, त्यांनी काही मिसरी लोक घाबरून आपली गुरं गारांआधी घरात घेऊन आले (आजच्या अध्यायात विसावं वचन बघा), आणि फारो अजून कडक झाला. मला हे उदाहरण आवडतं. पण त्यात एक फट आहे. चिखलाने चिखल व्हायचं कधी ठरवलं होतं?

त्या फटीत ऑगस्टीन शिरला. तरुणपणी तो मानी पंथात होता. तिथे शिकवत की चांगलं एका तत्त्वातून येतं आणि वाईट दुसऱ्या, तितक्याच सनातन तत्त्वातून. म्हणजे मी पाप केलं तर माझ्यातला अंधार दोषी, मी नाही. ख्रिस्ती झाल्यावर त्याने या शिकवणीविरुद्ध इच्छास्वातंत्र्यावर ग्रंथच लिहिला. ३८८ च्या सुमारास सुरू केला आणि काही वर्षांनी पुरा केला. त्याचं म्हणणं होतं की वाईट ही देवाने घडवलेली वस्तू नाही. चांगल्याची ती मोडतोड आहे, आणि मोडणारी आपली इच्छा आहे. पण पुढे ३९६ च्या सुमारास रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायावरच्या प्रश्नांना उत्तर लिहायला बसला आणि त्याच्या लक्षात आलं की माणसाची इच्छासुद्धा कृपेशिवाय देवाकडे वळत नाही. म्हातारपणी मागे वळून बघताना तो म्हणाला की मी माणसाच्या स्वतंत्र निवडीसाठी झटलो, पण कृपेने बाजी मारली. त्याच्या विरोधात उभा राहिला पेलाजियस. तो कुणी खलनायक नव्हता बरं का. रोममधल्या सुखवस्तू ख्रिस्ती लोकांची ढिलाई बघून वैतागलेला साधा, कडक माणूस. "देवाने दिलं तर करू" हे ऐकून त्याचं डोकं फिरायचं. देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळायची ताकदही दिली आहे, असं त्याचं म्हणणं. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेने ही शिकवण नाकारली, आणि माझ्या मते बरोबरच नाकारली, कारण तिच्यात वधस्तंभाला फारसं काम उरत नाही. तरी पेलाजियसची चीड मला कळते. व्यसन न सोडणारे काका "प्रभू सोडवील तेव्हा सुटेल" म्हणतात तेव्हा तर जास्तच कळते.

अकराशे वर्षांनी तोच वाद पुन्हा, आता लूथर आणि इरॅस्मस यांच्यात. इरॅस्मसने १५२४ मध्ये लिहिलं की शास्त्रात पानोपानी "निवडा", "वळा", "ऐका" अशा आज्ञा आहेत. माणसाला निवडताच येत नसेल तर या आज्ञांना काही अर्थ राहत नाही आणि देव क्रूर ठरतो. लूथरने १५२५ मध्ये उत्तर दिलं, आणि तेही जोरात. आज्ञा आपल्याला काय जमतं ते दाखवत नाहीत, काय जमत नाही ते दाखवतात. मग फारोवर येऊन तो सुताराचं उदाहरण देतो. कुऱ्हाडीची धार तुटलेली असेल तर चांगला सुतारही तिने वेडंवाकडंच कापणार. हात सुताराचा, पण वाकडेपण कुऱ्हाडीचं. सगळ्या सृष्टीला हलवणारा देव फारोला तेवढा थांबवून ठेवत नाही. फारो हलतो, आणि जसा आहे तसा हलतो.

पुढे नेदरलँड्समध्ये डॉर्टची सभा, १६१८–१९. एका बाजूला काल्व्हिनचे अनुयायी, दुसऱ्या बाजूला आर्मिनियसच्या मागून आलेले. निवड कुणाची, कृपा टाळता येते का, यावर मोठी फारकत झाली आणि आजही आपल्या मंडळ्यांत ती आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या, कारण रीलवाले ती सांगत नाहीत. देव पापाचा कर्ता नाही, हे दोन्ही बाजू मानतात. डॉर्टच्या ठरावांत ते आहे, १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात ते आहे, आणि आर्मिनियनांचा तर सगळा आग्रहच तो. याकोबाच्या पहिल्या अध्यायाने दोघांचेही हात बांधलेत: मोहात पडलेल्याने देवाने मला मोहात घातलं असं म्हणू नये, प्रत्येकाला ओढून नेते ती त्याची स्वतःची वासना.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे.

मी तिला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की आपल्या तोंडातलं "देवाची इच्छा" बऱ्याचदा शास्त्रातून आलेलं नसतं. ते सटवाईच्या लेखातून आलंय. पाचव्या-सहाव्या दिवशी कपाळावर लिहिलं गेलं, आता कोण पुसणार? आपल्या आज्या-पणज्यांनी धर्म बदलला तरी वाक्यरचना तीच राहिली, फक्त सटवाईच्या जागी देव बसला. शास्त्रातला देव असा लिहून मोकळा होत नाही. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात, यरुशलेमेच्या राखेत बसून लिहिणारा माणूस म्हणतो की देव मनुष्यांना दुःख देतो ते मनापासून नाही. आणि लाजराच्या कबरेपाशी प्रभू येशू पाच मिनिटांत त्याला उठवणार हे ठाऊक असूनही रडला. मरण हीच देवाची आवड असती तर तो कशाला रडला असता?

"पण ताई, योसेफाचं काय?" ती म्हणाली. मंडळीत कुणीतरी तिला ते वचनही पाठवलं होतं, फुलांच्या चित्रावर छापलेलं. उत्पत्तीच्या पन्नासाव्या अध्यायातलं, भावांनी वाईट योजलं पण देवाने त्यातून चांगलं योजलं, ते.

वचन खरं आहे. पण ते कुणी म्हटलं आणि कधी, हे मोजून बघा. योसेफाला विकलं तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. फारोपुढे उभा राहिला तेव्हा तीस. मग सात वर्षं सुकाळ, दोन वर्षं दुष्काळ, तेव्हा भाऊ भेटले, म्हणजे एकोणचाळीस. त्यानंतर याकोब मिसरात सतरा वर्षं जगला, आणि तो गेल्यावर हे वाक्य आलं. योसेफ छप्पन्न वर्षांचा होता. विकल्या गेल्याला जवळजवळ ३९ वर्षं झाली होती! आणि ते वाक्य म्हणणारा तो स्वतः होता, ज्याला खड्ड्यात टाकलं होतं. मधल्या काळात तो किती वेळा रडला ते शास्त्राने नोंदवून ठेवलंय. खड्ड्याच्या काठावर उभं राहून आत पडलेल्या मुलाला "देवाची योजना आहे रे" असं सांगणारा कुणी त्या गोष्टीत नाही. तसं सांगणं भावांच्या फार सोयीचं झालं असतं. आणि योसेफाने देवाची योजना म्हटली म्हणून भावांचं वाईट पुसून टाकलं नाही. त्याच वाक्यात तो म्हणतो की तुम्ही वाईटच योजलं होतं.

म्हणून केस चालवायची. मी तिला हे सरळ सांगितलं. वधस्तंभाबद्दल पेत्र पन्नासाव्या दिवशीच्या उपदेशात तेच करतो: येशूला देवाच्या ठरलेल्या संकल्पाने स्वाधीन करण्यात आलं, आणि तुम्ही त्याला मारलं. दोन्ही एका दमात. यहुदाबद्दल प्रभूने स्वतःही तसंच म्हटलं, मनुष्याचा पुत्र लिहिल्याप्रमाणे जातो खरा, पण त्याला धरून देणाऱ्याला हाय हाय. लिहिलेलं होतं म्हणून यहुदा सुटला नाही. तो ड्रायव्हरही सुटत नाही. त्याने पेला उचलला, किल्ली फिरवली. देवाने त्याच्या घशात दारू ओतली नाही.

तिचा पुढचा प्रश्न मात्र अवघड होता. "पण देव त्याला थांबवू शकला असता ना?"

हो. शकला असता. इथे मी तिला गोड बोलून गुंडाळलं नाही.

तत्त्वज्ञ याला उत्तर देतात. १९५५ मध्ये मॅकी नावाच्या तत्त्वज्ञाने मांडलं की सर्वशक्तिमान आणि पूर्ण चांगला देव आणि वाईट, हे एकत्र असूच शकत नाहीत. १९७४ मध्ये अल्विन प्लँटिंगा या ख्रिस्ती विचारवंताने दाखवलं की असू शकतात, कारण खऱ्या अर्थाने स्वतंत्र माणूस घडवायचा तर तो कधीच चुकणार नाही याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही, सक्ती केली की स्वातंत्र्य संपलं. कॉलेजात नास्तिक मित्राशी बोलताना हे कामाला येतं, शिकून ठेवा. पण यातून फक्त एवढंच सिद्ध होतं की आपला विश्वास विसंगत नाही. आणि हा युक्तिवाद सगळीकडे पुरत नाही. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीला जमीन हलली आणि सुमारे १० हजार माणसं गेली. तिथे कुणाची इच्छा स्वतंत्र होती? घरं दगडमातीची होती, गरिबी माणसाची होती, हे सगळं खरं, पण भूकंप कुणी निवडला नव्हता. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली तेव्हा प्रभूने ती जास्त पापी होती हे साफ नाकारलं. पण मग का पडला, तेही सांगितलं नाही.

शास्त्रात अजून अडचणीच्या जागा आहेत, त्या तुम्हाला कुणी विरोधक दाखवायच्या आधी मीच दाखवते. दावीदाने शिरगणती केली ती कुणाच्या चिथावणीने? शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा चोविसावा अध्याय म्हणतो परमेश्वराच्या कोपाने. पहिल्या इतिहासाचा एकविसावा अध्याय म्हणतो सैतानाने. आणि दावीद स्वतः म्हणतो मी पाप केलं. तिघांची नावं, एक शिरगणती. मग मरी येते, सत्तर हजार लोक मरतात, आणि दावीद देवाला विचारतो, या मेंढरांनी काय केलं होतं? त्याला तिथे उत्तर मिळत नाही. मरी थांबते, वेदी बांधली जाते. मला या अध्यायाचं अजून समाधानकारक स्पष्टीकरण सापडलेलं नाही, आणि जी वाचली ती फार घाईची वाटली.

पौलाकडे या. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात तो फारोचं नाव घेतो आणि लगेच आपलाच प्रश्न विचारतो: मग देव दोष का लावतो? त्याचं उत्तर, कुंभार आणि मातीचं, तरुणांना रागावल्यासारखं वाटतं. हे मनुष्या, तू कोण? मलाही वाटायचं. पण तो अध्याय एकोणिसाव्या वचनापासून वाचू नका, पहिल्यापासून वाचा. पौल सुरुवातच करतो ती हृदयातल्या न थांबणाऱ्या वेदनेने. माझे भाऊबंद वाचणार असतील तर मी स्वतः ख्रिस्तापासून तोडला गेलो तरी चालेल, इथवर तो जातो. कुंभाराची गोष्ट सांगणारा माणूस रडत सांगतोय. आणि अकराव्या अध्यायाच्या शेवटी पोहोचतो तेव्हा देवाने सर्वांवर दया करावी यावर येऊन थांबतो. जो हा अध्याय डोळे कोरडे ठेवून दुसऱ्याच्या दुःखावर फेकतो, त्याने तो अर्धाच वाचलाय.

ती मुलगी सध्या रविवारी येते, पण गाण्यांच्या वेळी बसून राहते. तिला कुणी उठ म्हणू नका. मी तिला ईयोब वाचायला सांगितलंय, आणि सांगितलंय की मित्रांची भाषणं लांबली तर सोडून दे, देवानेही शेवटी त्यांना चुकीचंच ठरवलं. ईयोबाचं मात्र एकही वाक्य सोडू नकोस. कोर्टाची पुढची तारीख महिनाअखेरीला आहे. युवकांतले दोघे-तिघे तिच्या आईबरोबर जाणार आहेत. तुमच्यापैकी ज्यांना तिच्यासाठी प्रार्थना करायची आहे त्यांनी नाव न विचारता करा, प्रभूला माहीत आहे.

आणि त्या ड्रायव्हरसाठीही करा. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ते तिचं ती बघेल.

उद्याचे वाचन: निर्गम १०. टोळ आणि अंधार. पेन्सिल जवळ ठेवा.